विनयपिटकातील व्रणोपचार आणि त्यानंतरची वाटचाल

आयुष्मान आनंदांचे उपाध्याय थेर बेलट्ठसीस यांना त्वचेचा विकार जडला होता. अंगावर फोड येत, ते फुटून त्यांतून लस वाहे आणि त्या लसीने चीवर अंगाला चिकटून बसे. मग सोबतचे भिक्खू पाणी आणून ते चीवर भिजवीत आणि हळूहळू सोडवून घेत. विहारातून फेरी घालीत असता भगवान बुद्धांनी हे पाहिले, भिक्खूंकडे विचारपूस केली आणि खाज, फोड, वाहते व्रण असलेल्या भिक्खूंना औषधी चूर्णे वापरण्याची अनुज्ञा दिली. हा प्रसंग महावग्गात दोनदा येतो. एकदा औषधांविषयीच्या भेसज्जक्खन्धकात, आणि पुन्हा वस्त्रांविषयीच्या चीवरक्खन्धकात. दुसऱ्या ठिकाणी अशा रुग्णासाठी 'कण्डुपटिच्छादि' नावाचे एक वेगळे आच्छादनवस्त्र मान्य केलेले आहे.

विनय हा संघाच्या शिस्तीचा ग्रंथ म्हणून आपण वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्यातील कित्येक नियम रुग्णाच्या अंथरुणापाशी उभे राहून केलेले आहेत, याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. जखमेला चिकटलेले वस्त्र पाण्याने भिजवून काढावे लागते, ही बाब ज्याने कोणाची जखम धुतली आहे त्यालाच सुचेल. या लेखात आम्ही विनयातील व सुत्तांतील व्रणोपचारांचे उल्लेख एकत्र पाहणार आहोत आणि पुढच्या काळात ही विद्या कोणाच्या हातांतून गेली, याचा मागोवा घेणार आहोत.

प्रथम दोन शब्दांविषयी. पालीतील 'लसिका' म्हणजे फोडातून झिरपणारे पाणी. आपल्या बोलीत त्यालाच आपण 'लस' म्हणतो. पालीतील 'वण' म्हणजे संस्कृतातील 'व्रण', उघडी जखम. मराठीत मात्र 'वण' राहतो तो जखम भरून आल्यानंतर. शब्द तोच, पण आपल्या भाषेने तो जखमेच्या अखेरच्या अवस्थेसाठी राखून ठेवला.

भेसज्जक्खन्धकात एका भिक्खूला गळू झाल्याची हकिकत आहे. त्या निमित्ताने ज्या अनुज्ञा दिल्या गेल्या, त्यांचा क्रम ध्यानपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रथम 'सत्थकम्म', म्हणजे शस्त्राने गळू फोडण्याची मोकळीक. त्यानंतर 'कसावोदक', म्हणजे तुरट सालींचे अथवा पानांचे पाणी. मग वाटलेल्या तिळांचा लेप. मग 'कबळिका', ज्याला आपल्या घरांत पोटीस म्हणतात ते, आणि त्यावर बांधण्यासाठी 'वणबन्धनचोल', म्हणजे जखमेची पट्टी. इतके झाल्यावर व्रणाला खाज सुटली, तेव्हा मोहरीच्या पुडीची अनुज्ञा झाली. व्रण ओलसर होऊन चिघळू लागला, तेव्हा धुरी देण्याची. कडेने मांस वाढून वर आले, तेव्हा ते मिठाच्या खड्याने काढण्याची. तरी व्रण भरेना, तेव्हा व्रणतेलाची. आणि तेल ओघळू लागले, तेव्हा ते अडवण्यासाठी 'विकासिक' या कापडी पट्टीची. शेवटी एका शब्दात सगळी व्रणचिकित्सा मान्य करण्यात आली : 'सब्बं वणपटिकम्मं'.

ही केवळ औषधांची यादी असती तर आम्ही तिच्यावर इतके थांबलो नसतो. येथे एकच व्रण दिवसामागून दिवस पाहिलेला आहे. तो फुटतो, धुतला जातो, खाजतो, पाझरतो, त्यावर फाजील मांस चढते, तो भरायचा थांबतो, आणि दर अवस्थेला उपाय बदलतो. जखम अवस्थांतून जाते, म्हणून कालचा उपाय आज चालेलच असे नाही, हे तत्त्व आजचा कोणताही शल्यचिकित्सक मान्य करील. वर आलेले मांस आजही काढावे लागते, कारण ते राहिले तर त्यावर कातडी चढत नाही. मिठाच्या खड्याची जागा आज अन्य साधनांनी घेतली आहे, आणि वाचकांनी मिठाचा किंवा मोहरीचा प्रयोग घरी करू नये, हे येथेच सांगून ठेवतो.

सुत्तपिटकातही असे उल्लेख विखुरलेले आहेत. मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तातला बाणाचा दृष्टान्त बहुतेकांना ठाऊक असतो. त्याच निकायातील सुनक्खत्त सुत्तातला दृष्टान्त मात्र फारसा सांगितला जात नाही. विषारी बाण लागलेल्या माणसाच्या जखमेचे तोंड शल्यवैद्य कापून मोठे करतो, सळईने बाणाचा शोध घेतो, बाण उपसतो आणि विष काढून टाकतो. मग तो रुग्णाला पथ्य सांगतो. मानवेल तेच खावे, नाही तर व्रण वाहू लागेल. वेळोवेळी व्रण धुवावा आणि त्यावर लेप लावावा, नाही तर पू आणि रक्त सुकून व्रणाचे तोंड झाकले जाईल. वाऱ्याउन्हात हिंडू नये, कारण धूळ आणि कुसळे जखमेत शिरतील. हे न पाळणाऱ्या माणसाची जखम, बाण निघालेला असूनही, सुजते आणि त्याला मृत्यूपर्यंत नेते. दृष्टान्त इंद्रियसंयमाचा आहे, पण ऐकणाऱ्याला पटावा म्हणून तो रोजच्या व्यवहारातून घेतलेला आहे. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही नंतरच्या निगेअभावी रोगी दगावतो, हे त्या श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते.

महागोपालक सुत्तात चांगल्या गुराख्याच्या अंगचे अकरा गुण येतात. त्यांत जनावराच्या अंगावरची माशीची अंडी काढून टाकणे, व्रण झाकणे आणि धूर करणे हे तीन आहेत. भिक्खूंच्या व्रणासाठी जी धुरी मान्य झाली ती गोठ्यातही होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ही विद्या एकट्या राजवैद्यांची नव्हती. (विसाव्या शतकात अमेरिकेतील विल्यम बेअर या शल्यचिकित्सकाने माशीच्या अळ्याच जखमा स्वच्छ करण्यासाठी वापरल्या. पहिल्या महायुद्धात रणांगणावर दिवसचे दिवस पडून राहिलेल्या सैनिकांच्या अळ्या पडलेल्या जखमा त्याला आतून स्वच्छ आढळल्या होत्या. त्यामुळे गुराखी चुकला असे होत नाही. रुग्णालयात निर्जंतुक अळ्या वाढवणे वेगळे आणि गोठ्यातली माशी वेगळी.)

शस्त्र कोठे चालवू नये याचाही नियम विनयात आहे. राजगृहात आकासगोत्त नावाचा वैद्य एका भिक्खूच्या भगंदरावर शस्त्र चालवीत होता आणि भगवान बुद्धांना पाहताच त्याने त्या रुग्णाच्या अवयवाची थट्टा केली. तथागत काही न बोलता परतले. नंतर संघाला एकत्र करून त्यांनी गुह्यभागी शस्त्रकर्म करविण्यास मनाई केली. कारणे दिली ती अशी : तेथील त्वचा नाजूक असते, व्रण भरून येण्यास कठीण असतो आणि शस्त्र नीट चालवता येत नाही. पुढे त्या भागाभोवतीची दोन अंगुळे जागाही वर्ज्य ठरली. येथे शाप नाही, पातकाची भीती नाही, शुद्धाशुद्धतेचा विचार नाही. तीनही कारणे शल्यशास्त्राची आहेत. भगंदराची शस्त्रक्रिया आजही जपून करावी लागते, कारण तेथील स्नायूला इजा झाली तर मलविसर्जनावरचा ताबा जातो.

जीवकाच्या कथा वाचकांना परिचित आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्थान दिले आहे. महावग्गात जीवक राजगृहाच्या श्रेष्ठीची कवटी उघडतो, वाराणसीच्या श्रेष्ठिपुत्राचे पोट उघडून आतड्याची गाठ सोडवतो. या शस्त्रक्रिया जशाच्या तशा घडल्या, असे आम्ही म्हणणार नाही. कथेत अतिशयोक्ती असते. पण कापणे, आतले काम करणे, कातडी शिवणे, वर लेप लावणे हा क्रम दोन्ही कथांत सारखा आहे, आणि हा क्रम कथाकाराने कल्पनेने रचलेला वाटत नाही. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटते ती धम्मपद अट्ठकथेतील एक छोटी गोष्ट. देवदत्ताने लोटलेल्या शिळेचा तुकडा लागून तथागतांच्या पायाला इजा झाली, तेव्हा जीवकाने तीव्र औषधाची पट्टी बांधली आणि तो नगरात दुसऱ्या रुग्णाकडे गेला. परत येईपर्यंत वेशीचे दार बंद झाले होते. पट्टी वेळेवर सुटली नाही तर रात्रभर दाह होईल, या काळजीत तो वेशीच्या आत अडकून पडला. इकडे भगवंतांनी आनंदांकडून पट्टी सोडवून घेतली. अट्ठकथा पुष्कळ नंतरची, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराची आहे. पण पट्टी बांधण्याइतकेच ती केव्हा सोडायची हे महत्त्वाचे, हे ती सांगणाऱ्याला माहीत होते.

आता दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. जंतूंचे ज्ञान या काळी कोणालाच नव्हते. आधुनिक शास्त्रातील प्रत्येक शोध पिटकात आधीच होता, असे सांगण्याचा मोह आपल्या काही लेखकांना होतो. आम्हाला तो मान्य नाही, कारण तसा दावा करणारे इतरही आहेत आणि त्यांच्यावर आपण हसतो. शिवाय महावग्गातच एक कठोर नियम आहे. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग पसरले असता उपचार मिळावेत म्हणून लोक संघात प्रवेश घेऊ लागले, जीवकाला काम पेलेना, आणि त्याच्या विनंतीवरून अशा रुग्णांना प्रव्रज्या देणे थांबवण्यात आले. संघ म्हणजे रुग्णालय होऊ नये, हा हेतू समजू शकतो. तरी कुष्ठरोग्याला दार बंद झाले, हे खरेच आहे. त्याच परंपरेत उदानातील सुप्पबुद्ध हा कुष्ठरोगी भगवंतांचा उपदेश ऐकून सोतापन्न होतो, हेही खरे आहे.

व्रणोपचाराचा खरा प्रश्न औषधाचा जितका असतो, तितकाच किळसेचा असतो. पू कोण पुसणार? महावग्गात रुग्णसेवकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे आणि धम्मकथेने रुग्णाला धीर देणे, यांच्या जोडीला एक गुण असा की मल, मूत्र, थुंकी, ओकारी उचलताना त्याला घृणा वाटू नये. पाली 'जिगुच्छा' म्हणजेच आपली जुगुप्सा. हा नियम ज्या प्रसंगी आला तोही सर्वश्रुत आहे. आपल्याच मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आणि आनंदांनी स्वतः धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले, आणि मग संघाला विचारले की याची सेवा कोणी का केली नाही. अट्ठकथेतील पूतिगत्त तिस्साचे शरीर फोडांनी सडले होते आणि सोबत्यांनी त्याला टाकले होते. भगवंतांनी अग्निशाळेत स्वतः पाणी तापवले, त्याची वस्त्रे धुववून घेतली, त्याला स्नान घातले. तिस्स वाचला नाही. कथा चमत्काराकडे जात नाही, म्हणून ती आम्हाला अधिक विश्वसनीय वाटते.

याच्या शेजारी मनुस्मृती ठेवून पाहावी. १९२७ साली महाडला जिचे दहन झाले त्या ग्रंथाच्या चौथ्या अध्यायात वैद्याच्या घरचे अन्न पुवासमान मानले आहे, आणि तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंगतीला वैद्य वर्ज्य ठरवला आहे. त्याही आधी तैत्तिरीय संहितेत देवांचे वैद्य अश्विनीकुमार माणसांत वावरतात म्हणून अपवित्र मानले गेले आणि ब्राह्मणाने वैद्यकी करू नये असे सांगितले गेले. पुवाला हात लावणारा पुवाइतकाच अशुद्ध, हे तर्कशास्त्र आपल्या समाजाला चांगले परिचयाचे आहे. देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांनी या विरोधाकडे लक्ष वेधले. केनेथ झिस्क यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की भारतीय वैद्यकाची प्रत्यक्ष निरीक्षणाची परंपरा श्रमणांच्या, विशेषतः बौद्ध संघाच्या आश्रयाने वाढली. सर्व विद्वान हे मान्य करीत नाहीत. पण सुश्रुतसंहितेतील व्रणाचे साठ उपक्रम, व्रणिताच्या खोलीत दिली जाणारी मोहरी-निंबाची धुरी, तिथली 'कवलिका', हे सारे भेसज्जक्खन्धकाच्या शेजारी ठेवले की दोन्हींचे घराणे एक आहे, हे मानावेसे वाटते. सुश्रुतात प्रेत पाण्यात सात दिवस ठेवून त्याचे थर पाहण्याचा विधी आहे. कुलीन व गुणी शूद्राला मंत्रावाचून शिकवावे, असे काहींचे मत असल्याचेही तेथे नोंदले आहे. पुढच्या शतकांत मात्र उच्चवर्णीय वैद्याच्या हातात पोथी आणि नाडी राहिली, आणि शस्त्र खालच्या जातींकडे गेले.

याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या पुण्याचा आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा शेतकरी, ज्याचे नाव पत्रात कावसजी असे आहे, १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभर बिननाकाचा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. पद्धत तपशिलाने दिली आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते कपाळावर सपाट ठेवायचे, भोवती रेघ ओढायची, तेवढे कातडे सोडवायचे, पण दोन डोळ्यांमध्ये एक पट्टी जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त पोहोचत राहते. मग ते कातडे फिरवून खाली आणायचे आणि नाकाच्या जागी केलेल्या चिरेत त्याच्या कडा बसवायच्या. टाके नव्हते. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या होत्या. चार दिवस त्यांना हात लावला नाही. नंतर तुपात भिजवलेली कापडे आली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास जोडपट्टी कापली.

कात म्हणजे खैराचा तुरट अर्क. विनयातले 'कसावोदक' आणि पुण्यातली ही काताची पट्टी यांच्यामध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे आहेत, आणि मधला धागा दाखवणारा कागद आमच्यापाशी नाही. तरी तुरटपणाने व्रण आवळतो, ही समज टिकून राहिली होती. पत्रलेखकाने त्या शल्यकाराची जात नोंदवली आहे : विटा करणाऱ्यांची. नाव नोंदवलेले नाही. रुग्णाचे नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज वैद्यांची नावे आहेत. त्या पत्रावरून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया लंडनला केली आणि १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या शल्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही ती 'भारतीय पद्धत' म्हणून शिकवली जाते. ज्या पुण्यातील पेशवाईत अस्पृश्यांवर काय निर्बंध होते हे बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधात लिहिले आहे, त्याच पुण्यात, त्याच काळात, विटा भाजणाऱ्याच्या हाताला ही कला अवगत होती. तिची शाळा कोणी काढली नाही.

युरोपातील पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले. आपलेच हात मृत्यूचे वाहक आहेत, हे अनेक प्रतिष्ठित सहकाऱ्यांना सहन झाले नाही. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर बराच काळ जखम कोरडी ठेवून खपली धरू द्यावी, असा समज चालू राहिला. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर याने डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की पातळ पडद्याखाली ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडीने झाकली जाते. १९९७ मध्ये अर्जेंटा आणि मॉरिकवस यांनी जखमेवर नियंत्रित शोषणदाब देऊन ती भरून आणण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि आता मोठ्या रुग्णालयांत ती सर्रास दिसते.

थेर बेलट्ठसीसांना चिकटलेले चीवर हा प्रश्न मात्र विंटरनंतरही गरीब रुग्णाच्या बाबतीत शिल्लक राहिला. भाजलेल्या अंगावरची जाळीची पट्टी सुकून चिकटते आणि काढताना नवी कातडी सोबत येते. रुग्ण ओरडतो ते त्या वेळी. महाग पट्ट्या परवडत नाहीत तेथे काय करावे? मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या पट्ट्या वापरल्या आणि १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेली केळीची पाने वापरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात हे पान जखमेला चिकटत नाही, काढताना दुखत नाही, असे आढळले. त्याच रुग्णालयात २००० साली देशातील पहिली त्वचापेढी सुरू झाली.

शेवटी पायांविषयी. कुष्ठरोगात पायाची संवेदना गेली की खडा, खिळा, चटका काहीच कळत नाही आणि तळव्याला व्रण पडतो. तो व्रण म्हणजे रोगाने सडलेले मांस, असेच पिढ्यान्पिढ्या समजले जाई. वेल्लोरमध्ये १९४६ पासून काम करणाऱ्या पॉल ब्रँड यांनी दाखवले की मांस रोगाने झडत नाही, वेदना न कळल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजेने ते जाते. व्रण भरून येण्याची ताकद त्या पायात असते. त्याला फक्त भारापासून सुटका हवी असते. त्याआधीच, १९३० च्या दशकात, सिलोनमध्ये मिलरॉय पॉल आणि भारतात जोसेफ खान यांनी अशा पायांना प्लास्टर घालून व्रण भरून आणले होते. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेत गेले तेव्हा ही पद्धत त्यांच्याबरोबर गेली. तेथे ती मधुमेही पायांसाठी वापरली जाऊ लागली, आणि आज मधुमेहाच्या तळव्यावरील व्रणासाठी ती सर्वांत भरवशाच्या उपायांत गणली जाते. कुष्ठरुग्णांच्या पायांवर सिद्ध झालेले ज्ञान आता शहरांतील सुखवस्तू रुग्णांचे पाय वाचवते. व्रण भरल्यावर तो पुन्हा होऊ नये म्हणून मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या चपला लागतात. दक्षिणेतील कुष्ठरोग केंद्रांत त्या पायाच्या मापाने करून देणारा चर्मकार वैद्याइतकाच चिकित्सेचा भाग असतो.

पायताणाचा नियमही महावग्गात आहे. सोण कोळिविस या श्रीमंत घरच्या, कोमल पायांच्या भिक्खूने चंक्रमण करताना इतका अट्टहास केला की तळवे फाटले आणि चालण्याची वाट रक्ताने माखली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला, आणि पुढे एकपदरी पायताण घालण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती नाकारली. ऐंशी गाड्या सोने सोडून आलेला सोण पायताणात गुंतला असे लोक म्हणतील, साऱ्या भिक्खुसंघाला मिळाले तर मीही घालीन, असे तो म्हणाला. तेव्हा तथागतांनी साऱ्या संघाला पायताण मान्य केले.